चिकटवलेला दात

माझ्या नवऱ्याला मोडलेली वस्तू बघवत नाही. भोसरीला एमआयडीसीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे तो गेज बनवतो, म्हणजे कंपनीतला पार्ट मापात आहे की नाही ते तपासायची साधनं. केसाहून बारीक फरकावर त्याचं पोट चालतं. त्यामुळे दिघीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं काही मोडलं की ते आमच्या दारात येतं. मिक्सरचं बटण, चष्म्याची दांडी, छत्रीची मूठ. एकदा तर तळमजल्यावरच्या आजोबांची कवळी आली होती, मधोमध दोन तुकडे झालेली. ती पण ह्याने क्षणात चिकटणारा गम लावून जोडून दिली आणि आजोबा त्यानंतर तिच्यावर खुशाल भाकरी खात होते. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं, चारचौघात सांगायचे मी. आता त्या कवळीचं मी नाव काढत नाही.

भोसरीच्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी. मी चाकणला एका कंपनीच्या डिस्पॅचला आहे, आमची सुट्टी रविवारी. म्हणजे गुरुवारी शाळा सुटल्यावर पोरगी बापाच्या ताब्यात. तेव्हा ती आठ वर्षांची होती. पुढचे दोन मोठे दात नुकतेच पूर्ण खाली आले होते, कडेला अजून करवतीसारखे बारीक दाते होते त्यांना. त्या गुरुवारी ती जिन्यात पकडापकडी खेळताना पडली आणि वरचा एक दात पायरीच्या कडेवर आपटला. अर्धा तुटून पडला.

मला फोन नाही. कसला फोन करतोय तो. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले तर दोघं सोफ्यावर शहाण्यासारखे बसलेले. चहा हातात दिला, आणि मग म्हणतो, "हिच्या तोंडात बघ. सांग बरं, कुठला दात तुटला होता?"

मला आधी कळेचना. ओठ जरा सुजलेला होता. मी तिचं तोंड उजेडाकडे धरलं, दात सगळे जागेवर. त्याने हसत हसत सगळं सांगितलं. तुकडा त्याला जिन्यात सापडला. त्याने तो धुतला, पुसला, भिंगाखाली बघितला, गमचा बारीक थेंब लावला आणि बसवला. वर हलकासा पॉलिश पेपर मारला. मी नख फिरवून पाहिलं, तर जोड नखाला लागत नव्हता. चिडले मी, डॉक्टरकडे न्यायचं सोडून हे काय उद्योग, असं बरंच बोलले. पण रविवारी नणंदेचं लग्न होतं, विहारातला हॉल, दोन्हीकडची माणसं, फोटो. तुटक्या दाताची पोरगी फोटोत दिसणार नाही याचं मला बरंही वाटलं. एवढं खरं.

"मधे एक लाल ठिपका होता," तो म्हणाला. "टाचणीच्या टोकाएवढा. बंद झाला तो आता."

तो लाल ठिपका म्हणजे दाताची उघडी पडलेली नस होती, हे आमच्यापैकी कुणाला माहीत होतं? त्याने भोक बुजवल्यासारखी ती बुजवून टाकली होती, आत जे काही शिरलं होतं त्याच्यासकट.

लग्नात पोरीचा दात हाच एक कार्यक्रम झाला. ह्याने प्रत्येक पाहुण्यापुढे तिला उभं केलं. सांगा कुठला, ओळखा कुठला. कुणालाच ओळखता येईना. आमचे दीर म्हणाले, वहिनी, दादाला ससूनला पाठवा, डॉक्टर लोक शिकतील काहीतरी. सगळे हसले, पोरगीही हसली. प्रत्येक वेळी ओठ वर करून दात दाखवायची आणि हसायची. जेवताना मात्र तिने जिलेबी तशीच ठेवली. मी म्हटलं, दगदग झाली असेल.

त्यानंतर घरात काहीतरी बदललं, पण काय ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. ती पोळीचा तुकडा बारीक तोडायला लागली. पेरू दिला तर बाजूच्या दाढेने कुरतडायची. फ्रिजमधलं पाणी नको म्हणायची. विचारलं की म्हणायची, काही नाही, आवडत नाही मला. दात बघावा तर टकटकीत, शेजारच्या दातासारखाच. मी मनात म्हणायचे, उगाच शंका काढतेय मी. आमच्या मागे लष्कराची हद्द आहे, तिकडून कधीतरी बार उडाल्याचा आवाज येतो आणि खिडकीच्या काचा हलतात. लहानपणापासून ती कधी त्याला दचकली नव्हती. आता दचकायला लागली. दचकली की हात तोंडावर जायचा.

मग एके दिवशी सकाळी ब्रश करताना मी तिचा ओठ वर केला. त्या दाताच्या वर, हिरडीवर, मोहरीच्या दाण्याएवढा फोड होता, टोकाला पिवळा. मी नुसतं बोट टेकवलं तर त्यातून पू आला. असला वास आला की मी तिथेच बेसिनला धरून उभी राहिले. दात तसाच पांढरा, सुंदर, जोड न दिसणारा.

पिंपळे सौदागरला लहान मुलांच्या दातांच्या एक डॉक्टर आहेत, कंपनीतल्या मैत्रिणीने नाव सांगितलं. गुरुवारी मी सुट्टी टाकली आणि तिघं गेलो. डॉक्टरांनी आरसा घालून दात पाहिला, मग दिवा जवळ ओढून परत पाहिला.

"हा जोडलाय," त्या म्हणाल्या. "कोणी जोडला?"

"मी," नवरा म्हणाला. इतके दिवस तो हा शब्द छाती काढून म्हणायचा. तिथे तो हळूच म्हणाला.

"बसवलाय फार छान," डॉक्टर म्हणाल्या, आणि पुढे काहीच बोलल्या नाहीत. मला वाटत होतं त्यांनी त्याला चांगलं झापावं. माझं काम हलकं झालं असतं.

मग त्यांनी पोरीला विचारलं, "कधीपासून दुखतंय गं?"

तिने बापाकडे बघितलं. "नाही दुखत."

डॉक्टरांना कळलं असावं. त्या ह्याला म्हणाल्या, गाडी गेटसमोर लावलीय का, वॉचमन ओरडेल, जरा बघून या. तो बाहेर गेल्यावर त्यांनी तेच परत विचारलं. पोरगी खुर्चीत आडवी, छताकडे बघत होती.

"आत्याच्या लग्नापासून," ती म्हणाली. "रोज दुखायचं. मग एकदम थांबलं."

"मग मम्मीला सांगितलं का नाही?"

"पप्पाने इतकं छान बसवलं होतं ना. सगळे म्हणत होते."

माझ्या डोळ्यांतून टपकन पाणी आलं. दुखणं एकदम थांबलं म्हणजे नस मेली, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळलं की माझ्या पोरीने ते दिवस एकटीने काढले, माझ्या समोर बसून, माझ्या हातचं जेवत.

एक्स-रे स्क्रीनवर लागला. नवरा परत आला होता. डॉक्टर पेनाने दाखवत होत्या. "दात बाहेरून पूर्ण दिसतो, पण आत त्याचं मूळ अजून तयार व्हायचं असतं. दात बाहेर आला तरी मुळाचं काम पुढे दोन-तीन वर्षं चालतं. ते काम करते आतली नस. ती मेली, काम अर्ध्यात थांबलं." शेजारच्या दाताचं मूळ त्यांनी दाखवलं, भिंती जाड होत आलेल्या. आणि ह्याचं पातळ, टोकाला रुंद तोंड उघडं, तोंडाभोवती काळी सावली. "हे काळं दिसतंय ना, ते हाड नाही. ते इन्फेक्शनने खाल्लंय."

"रूट कॅनल करून टाका," तो म्हणाला.

"मोठ्या माणसासारखं इथे चालत नाही. टोकाला तोंड उघडं आहे, भरलेलं टिकणार नाही. सिमेंटचं बूच मारता येतं, पण मग मूळ आहे असंच राहणार. एवढ्या पातळ भिंतीचा दात उद्या एका धक्क्याने हिरडीपाशी मोडतो."

"काढूनच टाकला तर?" मी विचारलं.

"जबड्याची वाढ संपल्याशिवाय तिथे कायमचा दात बसवता येत नाही. म्हणजे कॉलेजला जाईपर्यंत ही अशीच. आणि तोवर तिथलं हाड झिजून जातं."

तिसरा एक उपाय होता. त्याला त्या रिजनरेटिव्ह म्हणाल्या. आतले जंतू औषधाने मारायचे, कानशीने खरवडायचं नाही कारण भिंतीच उरलेल्या नाहीत. मग मुळाच्या टोकाच्या तोंडातून सुई पलीकडे नेऊन तिथलं ताजं रक्त दाताच्या आत आणायचं आणि त्याची गाठ धरू द्यायची. त्या रक्ताबरोबर ज्या पेशी येतात त्या कधी कधी आतून भिंत जाड करतात, मूळ पुढे वाढवतात. कधी कधी काहीच करत नाहीत.

"किती टक्के खात्री?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या धंद्यात असंच विचारतात.

"खात्री देत नाही मी," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी त्याच दिवशी त्याने बसवलेला तुकडा काढला. निघता निघेना. तो भिंतीला टेकून बघत होता. तुकडा निघाल्यावर आतून जे आलं ते मी लिहीत नाही. त्यांनी आत औषध भरलं, वरून तात्पुरतं बंद केलं आणि काही आठवड्यांनी बोलावलं.

घरी जाताना मी त्याला सोडलं नाही. नाशिक फाट्याला सिग्नलला गाडी थांबली होती, पोरगी मागे झोपली होती. मी म्हटलं, "तुझ्यासाठी गप्प बसली होती ती. तुझं काम छान झालं म्हणून." मला ते त्याच्या तोंडावर मारायचंच होतं, आणि लागलं ते. सिग्नल सुटला तरी गाडी हलेना, मागचे हॉर्न मारत होते. त्यानंतर किती तरी दिवस तो नीट जेवला नाही. ताटावर बसायचा आणि उठायचा. कुणी काही मोडकं घेऊन आलं तर म्हणायचा, गम संपलाय. पोरगी हे सगळं बघत होती. माझं लक्ष त्याच्याकडे होतं, तिच्याकडे नव्हतं.

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा फोड बसला होता. डॉक्टरांनी भुलीचं वेगळं इंजेक्शन वापरलं. नेहमीच्या इंजेक्शनात रक्त थांबवणारं औषध असतं, आज आपल्याला रक्त हवंय, असं म्हणाल्या. मग दात धुतला, वाळवला आणि बारीक सुई आत घातली. मी तिचे पाय धरून उभी होते. सुई बाहेर आली ती कोरडी. त्यांनी परत घातली, जरा खोल. पोरीच्या पायाची बोटं आखडली. परत कोरडी.

आयुष्यभर मी ह्या पोरीच्या गुडघ्यावरचं, कोपरावरचं रक्त पुसत आले. आणि तिथे उभी राहून मनात एकच म्हणत होते, येऊ दे, रक्त येऊ दे. डॉक्टरांनी सुई तिसऱ्यांदा घातली. मग डॉक्टर "आलं" म्हणाल्या. दाताच्या आत मुळाकडून लाल येत होतं. नवरा खुर्चीच्या कडेवर बसला आणि त्याने डोकं हातात धरलं. गाठ धरेपर्यंत त्या थांबून राहिल्या, मग वर पांढरं सिमेंट, त्यावर फिलिंग. आता काही करायचं नाही, म्हणाल्या, काही महिन्यांनी बघू.

वाट बघणं हे काय प्रकरण असतं ते मला तेव्हा कळलं. दात हळूहळू मळकट झाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधाने, सिमेंटने रंग बदलू शकतो, घाबरू नका. पण घाबरणं काय माणसाच्या हातात असतं? मला तो दिवसेंदिवस आतून विझतोय असंच वाटायचं. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी नवरा मोबाईलचा टॉर्च लावून तिच्या हिरडीवर फोड आहे का ते बघायचा. ती ओठ वर करायची. "मस्त आहे पप्पा," ती न विचारता सांगायची. इतक्या पटकन सांगायची की मला ते ऐकवायचं नाही.

तपासणीला गेलो की डॉक्टर आधी एक्स-रे काढायच्या आणि मग थंडाव्याची परीक्षा घ्यायच्या. कापसाच्या बोळ्यावर गार स्प्रे मारून तो दाताला टेकवायचा. लागलं तर हात वर कर, एवढंच सांगायचं. थंड लागलं तर आत काहीतरी जिवंत असण्याची आशा धरायची. पहिल्याच वेळी तिने हात वर केला. डॉक्टरांनाही आश्चर्य वाटलं, इतक्या लवकर सहसा होत नाही, म्हणाल्या. येताना नवऱ्याने गाडी थांबवून पेढे घेतले. पुढच्या वेळीही हात वर. तो परत जेवायला लागला, रात्री पोरीशी मस्करी करायला लागला, कुणाची तरी छत्रीसुद्धा दुरुस्त करून दिली. घर ताळ्यावर आलं. सगळं त्या एका हातावर उभं होतं.

मला मात्र एक गोष्ट टोचत होती. शेजारच्या चांगल्या दाताला गार बोळा लागला की ती आधी शहारायची आणि मग हात वर करायची. ह्या दाताला नुसता हात वर यायचा. चेहऱ्यावर काही नाही. मी हे कुणाला बोलले नाही. बोलायची हिंमतच झाली नाही.

वर्ष होत आलं तेव्हाची तपासणी. एक्स-रेत मुळाच्या टोकाभोवतीची काळी सावली जवळजवळ गेली होती, हाड भरून आलं होतं. नवरा मान हलवत होता. मुळाच्या भिंतींवर मात्र डॉक्टर बराच वेळ पेन फिरवत राहिल्या.

"इन्फेक्शन गेलं, ही चांगली गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "पण भिंत जाड झालीय असं मला म्हणवत नाही. आतून जिवंत आहे तर आत्तापर्यंत काहीतरी दिसायला हवं होतं."

"पण तिला थंड लागतंय ना," नवरा म्हणाला.

डॉक्टरांनी बोळा घेतला, स्प्रे मारला, चांगल्या दाताला लावला. पोरगी शहारली, हात वर. दुसरा बोळा, स्प्रे, ह्या दाताला. हात वर. "बघा," नवरा म्हणाला. मग डॉक्टरांनी तिसरा बोळा घेतला. स्प्रेचा डबा ट्रेमध्ये होता तिथेच राहिला. कोरडा कापूस त्यांनी दाताला टेकवला.

हात वर.

तिची नजर बोळ्याकडे नव्हती, बापाकडे होती. तो ट्रेच्या शेजारीच उभा होता आणि त्याने सगळं बघितलं होतं. आयुष्य तपासण्यात गेलेला माणूस तो, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. मला वाटलं, आता हा बाहेर निघून जाईल. तो गेला नाही. खुर्चीच्या बाजूला गुडघ्यावर बसला.

"बाळा, आत्ताच्या कापसाला काही लावलंच नव्हतं."

तिचा हात अजून अर्धा वरच होता.

"मला वाईट वाटेल म्हणून हात वर करतेस?"

तिने हो म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "नाही लागलं तर तू परत तसा होशील."

"कसा?"

"जेवत नव्हतास तसा."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. सिग्नलला मी जे बोलले होते त्याचं ओझं ह्या पोरीने इतके महिने वाहिलं होतं.

"नाही होणार," तो म्हणाला. "आणि झालो तरी माझं मी बघीन. ते तुझं काम नाही. तू फक्त तुझ्या दाताचं खरं सांग."

डॉक्टरांनी बोळा घेतला, सगळ्यांसमोर स्प्रे मारला. कापसावर पांढरं बर्फासारखं धरलेलं दिसत होतं. त्यांनी तो दाताला लावला आणि धरून ठेवला. पोरीने डोळे मिटले. तिचा हात मांडीवर होता, बोटं एकदा हलली. आम्ही तिघं त्या हाताकडे बघत होतो. हात मांडीवरच राहिला.

"नाही लागत," ती म्हणाली आणि रडायला लागली. "पप्पा, कधीच नव्हतं लागत."

त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला. "बरं केलंस सांगितलंस," एवढंच म्हणाला. डॉक्टरांनी दिवा बाजूला सारला आणि मुळाला ते सिमेंटचं बूच मारायला कधी येता, ते आम्हाला विचारलं.